लोकांना रान, नदी, टेकडी कशासाठी हवी असते ते नकाशावर आणायचं कसं? आमचा नकाशा नुसता पार्किंगपाशी लाल झालाय

रानवाट:

नमस्कार मंडळी. धागा लांबलाय, आधीच माफी मागते.

मी नियोजन शिकतेय आणि सध्या सहा महिन्यांसाठी एका अभ्यासगटात काम करतेय. आमच्याकडे एक टापू आहे, टेकड्या, मधून नदी, थोडं जंगल आणि नदी पसरते तिथे मोठी पाणथळ. आराखडा ठरायच्या आधी या टापूत लोकांना काय मोलाचं वाटतं ते नकाशावर आणा, असं काम आलं. आम्ही ऑनलाइन नकाशा बनवला, लोकांनी त्यावर पिना टोचायच्या आणि प्रत्येक पिनेला एक प्रकार निवडायचा: देखणी जागा, फिरायला-व्यायामाला, शांतता, पशुपक्षी-झाडं, पाणी, इतिहास, श्रद्धा, आणि 'नुसतं आहे हेच पुष्कळ'. हा शेवटचा माझ्या हट्टापायी घातला होता, त्यावरच सगळ्यात कमी पिना आल्या, असो.

लिंक इकडेतिकडे ग्रुपवर फिरवली, दोनशेच्या आसपास लोकांनी भरलं. मग क्यूजीआयएस या नकाशांच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हीटमॅप काढला, म्हणजे जिथे पिना दाट तिथे रंग गडद, आणि बघते तर काय, पार्किंग लालभडक, तिथून व्ह्यूपॉइंटला जाणारी वाट लाल, पुलापाशी नारिंगी, आणि पाणथळ जवळजवळ कोरी. जंगलाच्या आतल्या भागात चार-पाच पिना, त्यातली एक तर चुकून पडलेली वाटते.

सर एकदम खूश. म्हणाले झालं की काम, लाल आहे ते राखायचं आणि कोरं आहे तिथे बाकी काही आणायला लोकांची हरकत दिसत नाही. मी मान डोलावली पण तेव्हापासून मनाला टोचतंय, कारण त्या पाणथळीवर पावसाळ्यात किती पाणी थांबतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय आणि लोकांना ती नकोशी आहे असं कुठल्याच उत्तरात कोणी लिहिलेलं नाही.

तर प्रश्न असा की आमची पद्धतच चुकली का नकाशा वाचायला चुकतोय? पिनांऐवजी लोक टाकतात ते फोटो वापरले तर जास्त खरं चित्र येईल का? आणि सर म्हणतात शेवटी सगळं पैशात सांगता आलं पाहिजे, तर तसं करावं का? यातलं कोणी केलेलं असेल तर प्लीज सांगा.

---

जुना_सर्वेयर:

पद्धत चुकलेली नाही, पण तुमच्या सरांनी नकाशाला न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्याच्या तोंडी घातलंय.

हे काम नवीन नाही. अलास्कात चुगाच नावाचं राष्ट्रीय वन आहे, सुमारे २२ हजार चौरस किलोमीटर, त्याचा आराखडा बदलायचा होता तेव्हा १९९८ साली ग्रेग ब्राउन आणि पॅट रीड यांनी तिथल्या लोकांना पोस्टाने प्रश्नावली आणि कागदी नकाशा पाठवला, सोबत छोटे गोल स्टिकर. प्रत्येक स्टिकरवर एका मोलाची खूण. देखणेपणा, करमणूक, जैवविविधता, आध्यात्मिक, ऐतिहासिक, जीवनाला आधार देणारं, शिकायला उपयोगी, पुढच्या पिढ्यांसाठी राखलेलं, निसर्ग म्हणून स्वतःचंच मोल असलेलं, अशी यादी. तुमचा 'नुसतं आहे हेच पुष्कळ' हा प्रकार त्याच घराण्यातला, तेव्हा हट्ट योग्य होता. पुढे या प्रकाराला पीपीजीआयएस म्हणायला लागले, म्हणजे लोकसहभागातून केलेलं जीआयएस (संगणकावरचं नकाशांचं काम), आणि आज तुम्ही माउसने टोचता ती पिन म्हणजे तोच स्टिकर.

आता फरक बघा. त्यांनी यादीतून कुठलेही पत्ते उचलून पोस्टाने पाठवलं होतं, म्हणजे ज्याला या विषयात काडीचाही रस नाही त्याच्याही दारात नकाशा गेला. तुम्ही लिंक ग्रुपवर फिरवलीत. ग्रुप कसले होते? माझा अंदाज ट्रेकिंगचे, सायकलिंगचे, फोटोग्राफीचे. मग ते लोक गाडी लावून व्ह्यूपॉइंटवर जाणारच आणि पिनही तिथेच टोचणार, यात टेकडीचा काही दोष नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे अंतर. माणूस आपल्या घराजवळच्या आणि आपण गेलेल्या जागांवर पिना टोचतो, हे या सगळ्या अभ्यासांत पुन्हापुन्हा दिसलंय. त्यामुळे पिनांच्या नकाशात दोन नकाशे एकात एक मिसळलेले असतात, लोक कुठे पोचू शकतात याचा एक आणि त्यांना काय मोलाचं वाटतं याचा दुसरा. पहिला वजा केल्याशिवाय दुसरा दिसत नाही.

एक साधी गोष्ट करून बघा. तेवढ्याच पिना घ्या, पण त्या रस्त्यापासून आणि पायवाटेपासूनच्या अंतराच्या हिशोबाने कशाही विखरून टाका, म्हणजे जिथे पोचायला सोपं तिथे जास्त. असा खोटा नकाशा शंभर वेळा काढा. मग तुमच्या खऱ्या नकाशात जिथे या खोट्यांपेक्षाही जास्त पिना आहेत तेवढाच भाग म्हणायचा मोलाचा. पार्किंगचा लाल रंग बराचसा उतरेल असं वाटतंय.

आणि उत्तर देणाऱ्यांना ते कुठे राहतात, किती वेळा जातात, कशाला जातात हे विचारलं होतंत का? नसेल तर आधी कळस मग पाया झालंय.

---

रानवाट:

काका, राहण्याचा पिनकोड आणि किती वेळा जाता हे दोन विचारलेत, कशाला जाता ते नाही विचारलं :( ग्रुपबद्दलचा तुमचा अंदाज शंभर टक्के बरोबर, दोन ट्रेकिंगचे आणि एक पक्षीनिरीक्षणाचा. पक्षीवाल्यांनी मात्र पाणथळीवर पिना टाकायला हव्या होत्या ना? त्यांनीही नाही टाकल्या!

---

पाणकोंबडी:

पक्षीवाल्यांनी पिना टाकल्या नाहीत कारण आम्ही शहाणे आहोत :)

मजा बाजूला, पण खरंच. चांगल्या घरट्यांची जागा सार्वजनिक नकाशावर कोणीही अनुभवी माणूस दाखवत नाही. दाखवली की पुढच्या रविवारी तिथे वीस कॅमेरे. हेच दुर्मिळ वनस्पतींचं, आणि हेच एखाद्या समाजाच्या पवित्र जागांचं. म्हणजे काही कोरे भाग हे मुद्दाम कोरे ठेवलेले असतात आणि ते सगळ्यात जास्त मोलाचे असू शकतात. तुम्ही पिना इतरांना दिसतील अशा ठेवल्या होत्या का? असतील तर आधी ते बंद करा, आणि प्रसिद्ध करताना मोठे चौकोन करून एकेका चौकोनाची बेरीजच दाखवा.

पाणथळीचं दुसरं कारण जास्त मोठं आहे. २००५ साली मिलेनियम इकोसिस्टिम असेसमेंट नावाचा जगभरच्या निसर्गाचा मोठा आढावा आला त्यात निसर्गाकडून माणसाला मिळणाऱ्या गोष्टी चार गटांत टाकल्या होत्या: पुरवठा म्हणजे पाणी, लाकूड, अन्न, नियमन म्हणजे पूर अडवणं, पाणी गाळणं, हवा थंड ठेवणं, संस्कृतीशी जोडलेल्या म्हणजे सौंदर्य, श्रद्धा, विरंगुळा, आणि या सगळ्यांना खालून टेकू देणाऱ्या म्हणजे माती तयार होणं वगैरे. आता तुमची यादी बघा, आठातले सहा-सात प्रकार तिसऱ्या गटातले. नियमनाचा एकही नाही! 'पाणी' आहे पण पाणी म्हटल्यावर लोक नदीच्या पुलावर पिन टाकतात, कारण पाणी तिथे दिसतं. पाणथळ पूर धरून ठेवते त्याचा फायदा तिथून कितीतरी खाली राहणाऱ्याला होतो आणि तो माणूस आयुष्यात कधी त्या पाणथळीला आलेला नसतो. त्याच्या घरात पाणी शिरलं नाही, एवढंच त्याला माहिती. न घडलेल्या गोष्टीवर पिन कोण टोचणार?

म्हणून मी तरी नियमनाच्या फायद्यांसाठी लोकांकडून पिना मागतच नाही. ते पाण्याच्या वाटा, उतार, माती, पाऊस यावरून वेगळं काढायचं आणि लोकांचा नकाशा त्यावर अर्धपारदर्शक ठेवायचा. दोन्ही जिथे गडद तिथे वादच नाही. काम करताना खरी डोकेफोड होते ती एक गडद आणि दुसरा कोरा असतो तिथे, आणि बैठकीत बोलायचं तेही त्याच भागांबद्दल. तुमची पाणथळ नेमकी त्यातली.

---

आकडेमोड:

सर्वेयर काकांना +१, पाणकोंबडीलाही. मी फक्त हीटमॅपचं बोलतो कारण तिथे एक गोम आहे जी बहुतेक जण बघतच नाहीत.

रेडियस किती ठेवलात, म्हणजे एका पिनेचा रंग भोवती किती अंतरापर्यंत पसरू दिलात? क्यूजीआयएस काहीतरी डिफॉल्ट देतं, आपण ओके दाबतो आणि सुंदर लाल-पिवळा ढग बघून हरखून जातो. तोच डेटा २०० मीटरने काढा आणि मग २ किलोमीटरने काढा, दोन वेगळे टापू वाटतील. मोठ्या रेडियसने पार्किंगचा लाल ढग पसरून शेजारच्या उतारावरही जातो आणि मग कोणीतरी म्हणतं बघा लोकांना हा उतार किती प्रिय आहे. उतारावर एकही पिन नाही हो! चौकोन केले तरी हाच खेळ, चौकोन किती मोठे आणि कुठून सुरू केलेत यावर उत्तर हलतं, भूगोलवाले याला फार जुन्या काळापासून घाबरून आहेत. तेव्हा निदान तीन रेडियसने काढा आणि तिन्हींत जे टिकतं तेवढंच बोला.

शिवाय एका माणसाने किती पिना टोचल्या ते बघा. मर्यादा घातली नसेल तर दहा-पंधरा उत्साही मंडळींनी अर्धा नकाशा भरलेला असतो, हे मी पैजेवर सांगतो. प्रत्येक माणसाचं एकूण वजन सारखं करा, म्हणजे ज्याने ४० टोचल्या त्याची एक पिन १/४० धरायची.

अजून एक, उत्तरं देणाऱ्यांपैकी निम्मे उचला कसेही, नकाशा काढा, उरलेल्या निम्म्यांचा वेगळा काढा. दोन्ही शेजारीशेजारी ठेवा. सारखे दिसले तर ठीक, नाही दिसले तर दोनशे उत्तरं कमी पडतायत आणि आठ प्रकारांचे आठ वेगळे नकाशे काढायचा तर विचारही नको, एकेका प्रकाराला मूठभर पिना येणार.

यासाठी तयार साधन हवं असेल तर अमेरिकेच्या यूएसजीएस या भूशास्त्र संस्थेचं सॉल्व्ह्ज बघा, फुकट आहे, नवी आवृत्ती क्यूजीआयएसचं प्लगइन म्हणून चालते. कोलोरॅडोतल्या पाइक आणि सॅन इसाबेल जंगलांवर त्यांनी सुरुवातीला ते वापरलं. त्यात लोकांना काल्पनिक १०० डॉलर देतात आणि म्हणतात हे वेगवेगळ्या मोलांमध्ये वाटून टाका, मग पिना टोचा. खरे पैसे नाहीत हं, नुसतं वजन कळावं म्हणून. मग मॅक्सएंट नावाचं मॉडेल रस्त्यापासून अंतर, पाण्यापासून अंतर, उंची, उतार, जमीन कशाने झाकलीय वगैरे बघून सगळ्या टापूवर ० ते १० असा निर्देशांक काढतं. मॅक्सएंट मुळात एखादा प्राणी किंवा झाड कुठे सापडू शकेल ते सांगायला वापरतात, म्हणजे इथे माणसांच्या आवडीला जंगली प्राण्यासारखं वागवलंय, मला ही कल्पना जाम आवडते.

पण सावधान. तुमच्या पिना रस्त्याला चिकटून असतील तर मॉडेल हेच शिकणार की मोल म्हणजे रस्त्याजवळ असणं. आणि त्याच्यात एक सोय आहे, एका टापूवर शिकलेलं दुसऱ्या सर्वे न झालेल्या टापूवर लावता येतं. तुमच्या सरांना ही सोय कळू देऊ नका :D

---

उगाच_आपलं:

एक अडाणी प्रश्न. ज्या माणसांचं पोट त्या रानावर आहे, गुरं चारणारे, जळण आणणारे, मासे धरणारे, त्यांच्यातल्या किती जणांनी तुमची लिंक उघडली?

---

रानवाट:

@उगाच_आपलं, अडाणी नाही, हाच प्रश्न मला कोणी विचारू नये असं वाटत होतं. बहुतेक एकानेही नाही.

@आकडेमोड, रेडियस डिफॉल्टच होता. आणि एका माणसाच्या ६३ पिना आहेत. मी आत्ता मोजल्या. ६३!! सगळ्या व्ह्यूपॉइंटच्या वाटेवर, जणू पावलागणिक एक.

---

उगाच_आपलं:

मग नकाशा लोकांचा नाही, पाहुण्यांचा झाला. ज्याचं जळतं त्याला कळतं. मी अशा एका कामात मदतनीस म्हणून फिरलोय, तेव्हा आम्ही मोठा कागद छापून घेतला, जमिनीवर पसरला आणि लोकांना खडू दिले. आधी अर्धा तास कोणी हातच लावेना, साहेबाचा नकाशा म्हणून. मग एक आजोबा बसले आणि त्यांनी एक लांबलचक रेघ ओढली, टेकडीवरून खाली, नदी ओलांडून पलीकडे. म्हणाले उन्हाळ्यात इथून, पावसाळ्यात इथून, आणि या दोन्हींच्या मध्ये जे आहे ते सगळंच. पिन टोचा म्हटल्यावर ते हसले. सगळ्या रानात टोचू काय म्हणाले.

मला तेव्हा कळलं की पिन ही भाषाच फिरायला येणाऱ्याची आहे. तो येतो, एका जागी थांबतो, बघतो, फोटो काढतो, जातो. राबणाऱ्याचं रान रेघेचं असतं नाहीतर पसरलेलं असतं, आणि ऋतूप्रमाणे सरकतं. त्याला ठिपक्यात कोंबलं की तो नकाशातून गायब होतो आणि वर आपण म्हणतो की याने काही सांगितलंच नाही.

तेव्हा रेघा आणि आकार काढू द्या. आणि महिना विचारा.

---

जुना_सर्वेयर:

वरचा प्रतिसाद छापून भिंतीला लावण्यासारखा. तांत्रिक बाजू एवढीच की ठिपके मोजायला सोपे आणि आकार मोजायला किचकट. कोणी अख्ख्या टापूभोवती एक गोल काढतो, कोणी एका झाडाभोवती. मग मोठा गोल काढणाऱ्याचं मत सगळीकडे मोजलं जातं. आकाराच्या क्षेत्रफळाने भागलं की हे बरंचसं आटोक्यात येतं, पण भागलं की आजोबांचं 'सगळंच' अगदी फिकं होतं. भागावं का नाही हे गणित ठरवत नाही, ते तुम्ही ठरवायचं आणि नकाशाखाली लिहायचं. बाय द वे आकार घेतले तर कमी माणसांतही चित्र लवकर जमतं, ठिपक्यांना बरीच जास्त माणसं लागतात.

---

लांबची_लेन्स:

फोटोंबद्दल विचारलंय म्हणून लिहितो, कारण मी ते करून तोंड पोळून घेतलंय.

फोटोंवरून काढणं खोटं नाही. २०१३ साली एक अभ्यास आला होता, जगभरातली ८३६ ठिकाणं घेऊन त्यांनी फ्लिकर या फोटो टाकायच्या साइटवरचे फोटो आणि प्रत्यक्ष पर्यटकांचे मोजलेले आकडे ताडून बघितले आणि फोटोंवरून गर्दीचा बऱ्यापैकी अंदाज येतो असं दिसलं. त्यात त्यांनी फोटो नाही मोजले, माणूस-दिवस मोजले, म्हणजे एका माणसाने एका दिवसात एका ठिकाणी ५०० फोटो काढले तरी एकच. तुमच्या ६३ पिनांवरही हेच औषध लागू पडेल बघा. इन्व्हेस्ट नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये विरंगुळ्याचं मॉडेल आहे ते याच धर्तीचं.

पण काय मोजतंय ते नीट बघा, किती लोक आले ते. का आले, काय वाटलं ते नाही. शिवाय फोटोला जोडलेलं ठिकाण असतं ते कॅमेरा कुठे उभा होता त्याचं. लोक व्ह्यूपॉइंटवर उभे राहून समोरच्या डोंगराचा फोटो काढतात, मोल डोंगराचं आणि ठिपका रेलिंगवर! मी तीन आठवडे राबून नकाशा काढला आणि त्यात सगळ्यात देखणा ठरला तो काँक्रीटचा कठडा. शेवटी तिथून नजर कुठेकुठे पोचते ते उंचीच्या डेटावरून काढावं लागलं, याला व्ह्यूशेड म्हणतात, क्यूजीआयएसमध्ये होतं. तुमच्याही लाल व्ह्यूपॉइंटचं असंच आहे, ती पिन पायाखालच्या दगडासाठी नाही, समोर दिसतं त्यासाठी आहे. समोर काय दिसतं तिथून?

आणि शांततेचा फोटो निघत नाही, वासाचाही नाही. आजीला घेऊन रोज नदीवर बसणारा माणूस रोज फोटो टाकत नाही. वर फुकट डेटाचा नळ कधी बंद होईल सांगता येत नाही, ट्विटरने २०२३ मध्ये फुकटचा एपीआय (डेटा थेट उतरवून घ्यायची सोय) बंद केला तेव्हा कित्येकांचे प्रकल्प अर्ध्यात लटकले.

---

रानवाट:

@लांबची_लेन्स, अहो समोर पाणथळ दिसते!!! मी आत्ता उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या. व्ह्यूपॉइंटवरून पाणथळ आणि तिच्यामागचं जंगल. म्हणजे ज्या गोष्टीसाठी लोक तिथे चढतात तीच आम्ही कोरी दाखवली.

---

लांबची_लेन्स:

दुरून डोंगर साजरे, आणि नकाशात मात्र आपण 'दुरून'लाच रंग दिला. होतं असं.

---

आकडेमोड:

हाहा. व्ह्यूशेड काढताना अंतराची मर्यादा घालायला विसरू नका, नाहीतर क्षितिजापर्यंत सगळंच देखणं ठरेल. आणि झाडांची उंची धरलेला डेटा मिळाला तर उत्तम, नुसत्या जमिनीच्या उंचीवर काढलं तर झाडीआडचंही दिसतंय असं म्हणेल.

---

पाणकोंबडी:

पैशाचा प्रश्न राहिला. त्यावर मी लिहिते कारण तो चुगाचशीच जोडलेला आहे.

चुगाचच्या कुशीत प्रिन्स विल्यम साउंड नावाची खाडी आहे. २४ मार्च १९८९ ला तिथे एक्झॉन वाल्डेझ जहाज खडकावर चढलं आणि सुमारे ४ कोटी लिटर तेल पाण्यात गेलं. नुकसान किती? मासेमारी बुडाली, पर्यटन बुडालं, ते मोजता येतं. पण लाखो अमेरिकन असे होते जे तिथे कधी गेले नव्हते, जाणारही नव्हते, तरी त्यांना हळहळ वाटली. ही हळहळ मोजायची कशी? अलास्का राज्याने देशभर घरोघरी मुलाखती घ्यायला लावल्या, असं पुन्हा होऊ नये म्हणून तुम्ही किती द्याल असं विचारलं, आणि त्यावरून निघाला आकडा २.८ अब्ज डॉलरचा. मग एकच रणकंदन. लोक तोंडाने काहीही सांगतात, खिशात हात कुठे घालतात, असं एका बाजूचं म्हणणं. शेवटी एनओएए या अमेरिकेच्या समुद्र आणि हवामान संस्थेने केनेथ अॅरो आणि रॉबर्ट सोलो या अर्थशास्त्रातल्या दोन नोबेलवाल्यांच्या हाताखाली समिती बसवली, तिने १९९३ मध्ये सांगितलं की काटेकोर नियम पाळले तर अशी उत्तरं निदान चर्चेची सुरुवात म्हणून धरता येतील.

मला यातून एवढंच दाखवायचंय की तुमच्या नकाशात टापूच्या बाहेरचा माणूस कुठेच नाही. तो पिन टोचायला येत नाही कारण त्याला 'ही विशिष्ट जागा' माहितीच नाही, त्याला फक्त ती असावी असं वाटतं.

---

उगाच_आपलं:

पैशात सांगायचं वेड भारीच असतं. १९९७ मध्ये कोस्टान्झा आणि मंडळींनी अख्ख्या पृथ्वीच्या निसर्गसेवांची किंमत काढली, वर्षाला सरासरी ३३ ट्रिलियन डॉलर, तेव्हा सगळ्या देशांचं उत्पन्न मिळून १८ ट्रिलियनच्या आसपास. त्यावर मायकेल टोमन नावाच्या अर्थतज्ज्ञाने म्हटलं की हा अनंताचा फारच कमी लावलेला अंदाज आहे. मी हा किस्सा ऐकल्यापासून कोणी हेक्टरमागे रुपये सांगायला लागलं की मला हसू येतं.

---

जुना_सर्वेयर:

हसू येतं हे खरं, पण पैशाला इतकं झटकूनही चालत नाही. रस्ता बांधणारा आपला खर्च-फायदा पैशात घेऊन बैठकीला येतो. समोरच्या रकान्यात आपण काहीच लिहिलं नाही तर तिथे शून्य धरलं जातं. काही फायदे पैशात नीट बसतात, जसं पूर अडवला तर किती नुकसान वाचलं, किंवा पाणी गाळायचा खर्च वाचला. ते जरूर मांडा. विरंगुळ्यासाठी लोक प्रवासाला किती वेळ आणि पैसे घालवतात त्यावरून किंमत काढायची युक्ती हॅरोल्ड हॉटेलिंगने १९४७ साली एका पत्रात सुचवली होती आणि ती अजून वापरतात. पण बघा, ती मोजते फक्त आलेल्यांना, आणि शेजारून चालत आलेल्याचा खर्च जवळजवळ शून्य, म्हणजे जो रोज येतो त्याचं मोल सगळ्यात कमी! पुन्हा तुमच्या पार्किंगचाच रोग. श्रद्धा, आठवणी, आपलेपणा हे त्या रकान्यात कोंबू नका, ते शब्दांत लिहा आणि किती जणांनी म्हटलं ते लिहा.

आणि एक शेवटचं काम करा जे फार कमी जण करतात. काढलेला नकाशा घेऊन परत लोकांकडे जा आणि विचारा हे तुमचंच म्हणणं आहे का. आयपीबीईएस या आंतरराष्ट्रीय मंडळाचा २०२२ चा अहवाल आहे निसर्गाच्या मूल्यांवर, त्यांनी हजाराहून जास्त अभ्यास चाळले, त्यात निष्कर्ष काढल्यावर संबंधित लोकांना विचारणारे निघाले जेमतेम २ टक्के. बाकी सगळे उंटावरून शेळ्या हाकणारे. मी पण त्यातलाच होतो बरीच वर्षं, म्हणून हक्काने बोलतो.

---

रानवाट:

तीन आठवड्यांनी परत येतेय, कोणी वाचत असेल तर.

माणशी वजन सारखं केलं, ६३ वाले गृहस्थ जागेवर आले. अंतराचा खोटा नकाशा शंभरदा काढून वजा केला, पार्किंग पूर्णच विझलं, व्ह्यूपॉइंट मात्र टिकला. त्याचं व्ह्यूशेड काढलं तर पाणथळ आणि जंगलाची कड रंगली. निम्मे-निम्मे करून बघितलं, देखणेपणा आणि फिरणं हे दोन नकाशे जुळतात, बाकी सहा अजिबात जुळत नाहीत म्हणून ते काढलेच नाहीत, नुसतं 'पुरेशी उत्तरं नाहीत' लिहिलं. कागद-खडूची एक बैठक झाली, अकराच माणसं आली पण त्यांच्या रेघांनी पाणथळीची एक बाजू अक्षरशः भरून गेली. एका बाईंनी पाणथळीत नेमकं कुठे उन्हाळ्यातही ओल राहते ते काढून दाखवलं, आमच्या उंचीच्या डेटात ते कुठेच नव्हतं.

अडकलेय ते एकाच गोष्टीत. या सगळ्यानंतरही जंगलाच्या आतला बराच भाग कोरा आहे. त्याला रंग कुठला देऊ? पांढरा ठेवला तर सर परत तेच म्हणणार.

---

जुना_सर्वेयर:

पांढरा नको आणि हिरवा तर अजिबात नको. राखाडी द्या, वर तिरप्या रेघा मारा, आणि सूचीत 'कमी मोल' असं न लिहिता 'इथलं कोणाला विचारलेलं नाही' असं लिहा. कर्ता आपण आहोत हे दिसू द्या.

---

रानवाट:

केलं तसं. आज दाखवलं. सर बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले एवढं राखाडी का दिसतंय, निम्मा नकाशा राखाडी आहे. मी म्हटलं हो सर. मग म्हणाले अजून किती बैठका घ्याव्या लागतील?

आकडा सांगायचाय सोमवारपर्यंत. उगाच_आपलं, तुमच्या वेळी कागद केवढा छापला होता आणि एका बैठकीला किती माणसं बसवली होती ते जरा सांगता का?

---

उगाच_आपलं:

कागद इतका मोठा की चार बाजूंनी तीन-तीन माणसं बसतील. बारा झाले की दुसरा कागद, नाहीतर मागचे नुसते बघत राहतात. बायकांची बैठक वेगळी घ्या, दुपारची नको, कामाची वेळ असते. आणि खडू भरपूर न्या, मुलं पळवतात.